चोपदाराचा घसा

वेताळगड संस्थानच्या दिवाणसाहेबांना आजारपणाची रजा म्हणजे कामचुकारांची थेरं वाटत. चोपदार रखमाजीचा घसा बसला आणि त्याने कुजबुजतच रजा मागितली.

"परवा कारकुनाचा घसा बसला होता, तरी तो कामावर आला," दिवाण म्हणाले. "उद्या दरबारात दिसला नाहीस, तर चोपदारी गेली म्हणून समज."

दुसऱ्या दिवशी रखमाजी चांदीचा दंड घेऊन हजर झाला. दिवाणांच्या साऱ्या पदव्यांची ललकारी दरबारभर झाल्याशिवाय त्यांनी आत पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज होता. रखमाजी पहिल्या मानकऱ्याच्या कानाशी वाकला, सगळ्या पदव्या कुजबुजला आणि सावकाश दुसऱ्याकडे वळला. दरबार खच्चून भरला होता. दारात ताटकळलेल्या दिवाणांना पागोट्याखाली घाम फुटला.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"ललकारी देतोय, सरकार," रखमाजी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "घसा कारकुनाचाही बसला होता, पण तो काही घशानं लिहीत नव्हता."

सिंहासनावर महाराजांना हसू आवरेना. त्यांनी रखमाजीला रजा दिली आणि यापुढे आजाराबरोबर माणसाचं कामही विचारावं, असा हुकूम काढला.

त्यानंतर रजेचा पहिला अर्ज दिवाणांचाच आला. दारात उभं राहून त्यांचे पाय भरून आले होते. काम बसून करण्याचं असल्यामुळे तो नामंजूर झाला.