दोघांचं भांडण

गडचिरोलीची मैना मडावी विद्यापीठात नाटक शिकायला आली आणि एकटी पडली. मुलगी असून ती “मी येतो” म्हणायची. तिकडची बोलीच तशी; पण वर्ग हसायचा. हळूहळू तिने बोलणंच सोडलं.

परीक्षेला रणदिवे सरांनी दोघांच्या भांडणाचा नाट्यप्रवेश ठेवला. सगळ्यांच्या जोड्या जमल्या, मैनाला मात्र कुणी घेतलं नाही.

“जोडीदार नाही? मग शून्य!” सर म्हणाले. “आधी भाषा सुधारायची असते, बाई.”

मैना उठली, रंगमंचावर गेली आणि तिथल्या खुर्चीत ठाण मांडून बसली.

“खाली उतर!” सर ओरडले.

“नाही उतरत.”

“मला उलट बोलतेस?”

“आधी सुलट बोलत होतो, तेव्हा तुम्ही ऐकलं का जी?”

सर तावातावाने रंगमंचावर चढले. “चालती हो इथून!”

“कुठं जाऊ?” मैनाचा आवाज कापला. “इथं मले कोण हाय?”

सरांनी दाराकडे बोट दाखवलं. तेवढ्यात मैनाने वर्गाकडे वळून वाकून नमस्कार केला. “प्रवेश संपला. पात्रं दोन, भांडण एक.”

“अगं, पण मी कुठे अभिनय करत होतो?”

“म्हणून तर झकास वठला जी!”

वर्गात हशा पिकला. सरांना गुण द्यावेच लागले.

बाहेर वर्गातल्या निशिगंधाने तिला गाठलं. “पुढच्या प्रवेशात मला घेशील?”

सरांना फटाफट उत्तरं देणाऱ्या मैनाच्या तोंडून आता शब्द फुटेना. तिने नुसती मान डोलावली.