माशाने धरलेला राजद्रोही

माशाने कल्ले फुलवले आणि हैबती तांबट राजद्रोही ठरला!

मासा राजा रणधवलाचा लाडका. दूरदेशीच्या व्यापाऱ्याने काचेच्या भांड्यातून आणलेला, जेमतेम अंगठ्याएवढा, शेपटी मात्र शालूच्या पदरासारखी. शत्रू समोर आला की हा मासा फुगतो, असं दिवाण त्र्यंबकपंतांनी सांगितलं आणि राजाने मानलं. मासा पाण्यावर बुडबुडे जमवू लागला, तेव्हा पंत म्हणाले, "राज्याची भरभराट होणार!" तेही राजाने मानलं. दरबारात विचार करायचं काम आता एकट्या माशाकडे होतं.

हैबती राजाला नवी तांब्याची परात दाखवायला आला, मासा फुगला आणि शिपायांनी हैबतीला धरलं. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी सगुणा दरबारात उभी राहिली. डोळे रडून सुजलेले, आवाज मात्र ठणठणीत.

"महाराज, माझ्या बापाने जन्मात भांड्यांशिवाय कुणाला ठोकलं नाही!"

"मासा चुकत नाही," राजा म्हणाला. "त्याला हात न लावता त्याच्याकडूनच बापाला निर्दोष ठरवून दाखव. नाहीतर सूर्य मावळताच कडेलोट!"

"मग घटकाभर मला त्याच्यासमोर बसू द्या."

दरबार खो खो हसला. सगुणा टक लावून बसली. पहारेकरी जवळ आला, मासा गप्प. त्याने भाला हलवला, रुंद पातं लखलखलं आणि मासा फुगला! भाला बाजूला झाला, मासा शांत. तांबटाची पोर ती. चकचकीत धातूत तोंड कसं दिसतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने मुदपाकखान्यातून चुलीची काजळी मागवली आणि जप्त केलेल्या परातीला फासली.

शिपायांच्या पहाऱ्यात उभा असलेला हैबती कळवळला. "अगं, चिंच लावून दोन दिवस घासली होती मी!"

"बाबा, त्या घासण्यानेच घात केलाय. धरा!"

हैबती काळी परात घेऊन उभा राहिला. मासा ढिम्म!

"काळी जादू!" पंत ओरडले.

"काजळी आहे, पंत. तुमच्या चुलीवरही असेल."

मग तिने चिंच आणि राख लावून तीच परात लख्ख केली. "महाराज, आता तुम्ही धरा."

राजाने धरली. मासा आजवर कधी फुगला नव्हता इतका फुगला!

"मी राजद्रोही?" राजा गरजला. "पंत, बोला!"

पंत हळूच खांबाआड सरकले.

"नाही, महाराज," सगुणा म्हणाली. "त्याला परातीत दुसरा मासा दिसतो, अगदी स्वतःसारखा. बरोबरीचा दिसला की फुगायचं, ही खोड दरबारात त्याच्या एकट्याचीच आहे का?"

सरदारांनी रागाने एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या छात्या एकदमच फुगल्या. राजाला हसू आवरेना.

"आणि ते बुडबुडे गं?"

"घरटं बांधतोय तो, पिल्लांसाठी. आमच्या तळ्यातले काही मासेही असंच बांधतात. राज्याचं त्याला काय!"

राजाने पोट धरलं. हसू थांबल्यावर त्याने हातातलं सोन्याचं कडं सगुणाला दिलं, हैबतीला सोडलं आणि मुदपाकखान्याची सगळी भांडी त्याच्याकडे सोपवली. पंतांकडे रोज माशाचं पाणी बदलायचं काम आलं. सगुणाने जाता जाता त्यांना बजावलं, "पंत, अंगठ्या काढून जा हं! नाहीतर उद्या तुम्हीच राजद्रोही!"