माकडाने आणलेला सल्ला

गावाला लागून असलेल्या एका जंगलात एक हरिणी आपल्या दूधपित्या पाडसासह राहत असे. त्या जंगलात खारट मातीची एक दरड होती. रोज सकाळी पाला खाणारे सगळे प्राणी तेथे येत, चार वेळा माती चाटत आणि तळ्यावर पाणी पिऊन आपापल्या वाटेने जात. हरिणीने हा नेम कधी चुकवला नव्हता.

एके दिवशी गावातून माकड धापा टाकत आले. दवाखान्याच्या खिडकीत बसून फुकटचे शहाणपण गोळा करायचा त्याला भारी नाद! "हरिणीताई, ती माती आधी सोड," ते म्हणाले. "डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं, मीठ बंद करा, नाहीतर जिवावर बेतेल!" हरिणी घाबरली. आपल्याला काही झाले तर पाडसाला कोण, या विचाराने तिने दरडीकडे जाणेच सोडले. पण मुलांनो, झाले उलटेच! काही दिवसांत तिच्या पायांतले त्राण गेले, दूध आटले आणि पाडस भुकेने उभेही राहीना.

"साळिंदरआजोबा, माझं काय चुकलं हो?" म्हणताना तिला रडूच कोसळले. म्हातारे साळिंदर जन्मभर मीठ हुंगत हिंडलेले. त्याने माकडाला बोलावून विचारले, "डॉक्टर हे कुणाला म्हणाले?"

"एका जाड्या शेटजींना."

"ते काय खातात?"

"लोणचं, पापड, फरसाण. आणि वरून पुन्हा मीठ!"

"आणि ही काय खाते?"

"पाला," माकड डोके खाजवत पुटपुटले.

"मग पाल्यावर हिला मीठ कोण वाढतं?"

हरिणी तशीच उठली आणि धडपडत दरडीपाशी गेली. इतक्या दिवसांची कसर एकदमच भरून काढावी असे तिला वाटले, पण साळिंदर आडवे आले. "रोजच्याएवढंच चाट, आणि वर पोटभर पाणी पी!" तिने ते निमूटपणे ऐकले. हळूहळू तिला दूध येऊ लागले आणि पाडस पुन्हा उड्या मारू लागले.

पुढे एका सकाळी माकड पुन्हा धावत दरडीवर आले. "हरिणीताई, आज डॉक्टर म्हणाले..."

हरिणीने शांतपणे मान वर केली. "काय म्हणाले ते राहू दे. कुणाला म्हणाले, ते आधी सांग."

तात्पर्य : एकाला जे जास्त झालेले असते, तेच दुसऱ्याला कमी पडत असते, म्हणून सल्ला ऐकताना आपली गरज आपणच तपासावी.