रिकामी जागा

"बाई, माणसाला काही न विचारता उत्तर देणारं यंत्र चांगलंच ना?"

शर्विलने बसता बसताच विचारलं. आंबोलीच्या घाटावरच्या त्या घरी तो दोन वर्षांनी आला होता. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या कुमुदबाई तेरेदेसाई निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर, म्हणजे सरांबरोबर, तिथे राहायला गेल्या होत्या. पेढ्यांचा पुडा ठेवत तो म्हणाला, सर फिरायला गेले असतील, हे त्यांच्यासाठी. आणि बाई काही बोलायच्या आत त्याने लॅपटॉप उघडला.

प्रोसेसरच्या आत कोणती घटना किती वेळा घडते, ते मोजायच्या आज्ञा कशा लिहायच्या, याची मांडणी त्याने दीड वर्ष खपून केली होती. प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे अनेक भाग, म्हणजे कोअर असतात; कोणत्या कोअरवर मोजायचं तो आकडा आज्ञेत भरायचा. कुणी नाहीच भरला, तर मांडणी गुपचूप शून्य धरायची. ती स्वीकारायची की नाही ते ठरवणाऱ्या तपासणाऱ्यांनी ती दोनदा परत पाठवली होती. उद्या शेवटची संधी. या वेळी नाकारली गेली की सगळं काम बाद.

"म्हातारी खोडं आहेत ते तपासणारे सगळे," तो म्हणाला.

बाई हसल्या. "मीही त्यातलीच. शून्य नंबरचा कोअर असतो ना रे?"

"असतो."

"मग ज्याने शून्य लिहिलं आणि ज्याने काहीच लिहिलं नाही, ते तुला सारखेच?"

"उत्तर तर दोघांनाही मिळतं."

"खरं?"

"...आकडा तर येतो."

बाई उठल्या. पेढ्यांचा पुडा उचलून आत गेल्या. मग शर्विलही उठून दारापाशी गेला.

आतल्या भिंतीवर सरांचा फोटो होता. हार सुकलेला. पुडा फोटोखाली ठेवलेला.

"आठ महिने झाले," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"मला... कुणी कळवलं नाही. मी धरून चाललो, की सगळं ठीक असेल."

"हो. आल्या आल्या तसंच म्हणालास."

...

खाली दरीत धुकं भरत होतं. शर्विल परत आपल्या जागी येऊन बसला. बाईंनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि बसल्या.

"आता सांग. काय विचारत होतास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मांडणीतल्या प्रत्येक रिकाम्या जागी शून्याऐवजी 'कोणता?' असं विचारणारं प्रश्नचिन्ह घातलं, आकडा भरल्याशिवाय आज्ञा चालणार नाही असं केलं, आणि ती पाठवून दिली.