नमनानंतरची कविता

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध कीर्तनकार राहत. बुवांकडे बिन्याजी नावाचा एक तरुण काव्य शिकत असे. तो बेने इस्राएली, म्हणजे यहुदी. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा बंद; म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. देवळातल्या नंदादीपात त्याच्याच घाण्याचे तेल जळत असे. त्याला कोणाची हरकत नव्हती. हरकत निघाली ती त्याने कविता रचली तेव्हा.

गावच्या गलबतवाल्या शेठच्या मांडवात दरवर्षी काव्यसभा भरे. प्रत्येक कवीने आधी गणेशाला नमन करावे, मग कविता म्हणावी, हा रिवाज. बिन्याजीने यंदा नाव दिले. शेठ हसून म्हणाले, “तेल चोख देतोस, कविताही चोख असेल. पण नमन आमचंच म्हणायचं हो! उगाच तुमचं काहीतरी नको.”

बिन्याजी बुवांकडे आला. “बुवा, चार ओळी तर आहेत. म्हणून टाकतो. नाहीतर मांडवात उभं कोण करणार मला?”

“दुसऱ्या देवाला नमन केलेलं तुझ्या आईला चालेल?”

“ती बोलणार नाही काही.” तो थांबला. “जेवणारही नाही.”

“मग तुझं नमन तू म्हण. शेठना काय सांगायचं ते मी बघतो.”

सभेच्या दिवशी बिन्याजी उभा राहिला. त्याने स्वतःचे नमन गायले:

घडविता नये । रेखिताही नये ।
उच्चारिता नये । ऐसा एक ॥
बुडाले तांडेल । बुडाली गाठोडी ।
एकाची आवडी । तरली गा ॥

 आता कोणीतरी ओरडणार, असे त्याला वाटले. पण शेठ उठले ते डोळे पुसत. “अरे, हे तर आमचंच निर्गुण! बुवा, पोरगा आपलाच निघाला की!” त्यांनी अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

एवढ्यात बुवा उठले. त्यांनी आपल्याच शिष्याच्या खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि शेठच्या हाती परत दिली.

बिन्याजीचा चेहरा उतरला. शेठ कडाडले, “बुवा, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आहे, शेठ. त्याचं नमन तुमच्यासारखं वाटलं, म्हणून तो आपला. आणि वाटलं नसतं तर? तो शनिवारी घाणा बंद ठेवतो. मुलगा झाला की सुंता करतो. मेलेल्याला अग्नी देत नाही, पुरतो. यातलं काय तुमच्यासारखं आहे? की त्या प्रत्येक वेळी शाल काढून घ्यायची? आपल्यासारखा दिसेल तेवढाच माणूस हवा असेल तर कवी कशाला बोलावता? मांडवात आरसा ठेवा.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि शेठ, कविता तर अजून सुरूच व्हायची आहे. तुम्ही नमनालाच शाल देऊन मोकळे झालात!”

मागून कोणीतरी फस्सकन हसले. शेठ क्षणभर ताठ उभे राहिले, मग खाली बसले. “म्हण रे,” ते म्हणाले.

बिन्याजी म्हणू लागला. फार पूर्वी या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताचे आणि त्यातून वाचलेल्या मूठभर पूर्वजांचे ते काव्य होते. ते उपाशी होते, परके होते, तरी सातव्या दिवशी त्यांनी कामाला हात लावला नाही. तिथे शेठनी हात वर केला.

“थांब. पोटात अन्न नाही आणि सुट्टी घेतली? आमच्यात असं नसतं.”

 बिन्याजीने बुवांकडे पाहिले नाही. तो सरळ शेठकडे पाहून म्हणाला, “आमच्यात असतं, शेठ.”

“का?”

“पुढच्या कडव्यात आहे.”

“बरं,” शेठ म्हणाले आणि मांडी बदलून पुढे सरकून बसले. “मग थांबलास कशाला?”

बिन्याजीला हसू आले. त्याचा आवाज आता मोकळा सुटला होता.

‘ते आपल्यासारखेच आहेत’ असे म्हणून शेजाऱ्यावर उपकार करणाऱ्यांनी आधी त्याचे पुढचे कडवे ऐकावे.