सोनसाखळीचा हेवा

एका राज्यात वृद्ध राजा निवर्तला आणि सिंहासन थोरल्या कन्येला, इंद्रावतीला मिळाले. मुकुट मिळाला, राजदंड मिळाला. राजाचा बोलका रावा मात्र उडाला आणि धाकट्या सारजेच्या खांद्यावर जाऊन बसला.

त्या दिवसापासून इंद्रावतीला अन्न गोड लागेना. सारजा हसली की हिच्या काळजात काटा रुते.

तिने कालदंष्ट्र मांत्रिकाला बोलावले. त्याने शापित खजिन्यातून एक सोनसाखळी काढली.

"हिने बांधलेला जीव बांधणाराने स्वतः सोडल्यावाचून सुटायचा नाही. मात्र बांधणाराही पायांपासून दगड होत जाईल."

"होऊ दे," राणी म्हणाली.

रावा सिंहासनाशी बांधला गेला. पण त्याने चोच उघडली नाही. मग राणीने सारजेला फर्मावले, "तीन दिवस, तीन कामे. एक जरी चुकले, तरी राव्याची मान मुरगळीन."

पहिल्या दिवशी नागाच्या डोहातले काळे कमळ मागितले. नागाने वाट दिली, सारजेने कमळ आणले. राणीचे घोटे दगड झाले.

दुसऱ्या दिवशी ज्वालागिरीचा विस्तव मागितला. सारजेने तो ओंजळीत आणला. वेशीपासून लोक तिला दुवा देत होते. ते ऐकून राणी जळफळली. गुडघे दगड झाले, ते तिने शालूच्या निऱ्यांखाली झाकले.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हा रावा स्वखुशीने माझ्या खांद्यावर बसव."

"ताईसाहेब, त्याची खुशी माझ्या हाती नाही."

"मग तो मेला!"

सारजेने आपला पाय पुढे केला. "त्याला सोडा. साखळी माझ्या पायात घाला."

दगड कमरेपर्यंत चढला होता. इंद्रावती ओरडली, "एका पाखरासाठी? माझ्यासाठी कोणी असा पाय पुढे केला नाही!"

"मी केला असता, ताई. तुम्ही कधी मागितलेच नाही. हुकूम तेवढा केलात."

राणीने बहिणीकडे पाहिले. मग वाकून तिने स्वतःच्या हातांनी साखळी सोडली.

रावा गवाक्षातून उडाला, तो कोणाच्याच खांद्यावर बसला नाही. साखळीची माती झाली. दगडाचे पुन्हा रक्तमांस झाले. कालदंष्ट्राची विद्या तिथल्या तिथे आटली.

रावा गेला म्हणून सारजेच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाहून इंद्रावतीला, खरे सांगायचे तर, किंचित बरे वाटले. आणि लगेच त्याची लाज वाटली. ती सिंहासनावरून उतरली.

"सारजे, माझ्याजवळ बसशील? नाही म्हणालीस तरी चालेल."

"आज नाही," सारजा म्हणाली. "उद्या येईन."

राणीने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सारजा आली.

पुढे दोघी बहिणी भांडत, रुसत, राज्य राखत सुखाने नांदल्या. तशा तुमच्या घरच्या लेकीबाळी नांदोत.