करवंटीचा टोप

फार पूर्वी माळावर प्राण्यांची हॉकी रंगायची. एका सामन्यात गोलरक्षक सशाच्या करवंटीच्या टोपावर चेंडू ठाणकन आदळला आणि गोल वाचला!

"टोपाला तडासुद्धा नाही! ऊठ गड्या!" कप्तान माकड नाचलं.

ससा उठला, पण झोकांड्या खाऊ लागला. त्याची आई मैदानात धावली.

"टोप काय बघता? माझ्या थोरल्या लेकाच्या वेळीही टोप शाबूतच होता, मार आत डोक्याला बसला होता," म्हणत ती त्याला सावलीत घेऊन गेली.

माकडाची मान खाली गेली. घरटी विणणाऱ्या सुगरणीने टोपात सावरीच्या कापसाची जाड गादी बसवली. ससा पुरता बरा झाल्यावरच खेळायला उतरला. पुन्हा चेंडू आदळला! माकड धापा टाकत आलं.

"माझ्याकडे बघ! बोटं किती?"

"तीन! आता बाजूला हो माकडदादा, चेंडू दिसत नाहीये!"